एकतिसावी पाल

१

पेंटरबाबा गेल्याचं मला तिकिटाच्या खिडकीवर कळलं. सकाळचे नऊ वाजले होते, फाटक बंद होतं, आणि तिकिटं देणारी मुलगी आत बसून डोळे पुसत होती. मी ओळखपत्र पुढे केलं तर म्हणाली, "मॅडम, आज कसली तपासणी? पाताळाच्या सफरीत बाबा गाडीखाली आले. पाचव्या वळणावर."

मी खेळांची तपासनीस आहे. पाळणे, चक्रं, रुळांवरच्या गाड्या, माणूस ज्यात पट्टा लावून बसतो आणि मग ओरडतो, ते सगळं दरवर्षी मी तपासते आणि सुरक्षित असल्याचा दाखला देते. या पार्कला नऊ वर्षं मीच दाखला देतेय. लोकांना वाटतं, ही बाई कोरडी असणार, नटबोल्ट मोजणारी. वाटू दे. आत्यानं मला इथे पहिल्यांदा आणलं तेव्हा मी सात वर्षांची होते, आणि तेव्हापासून या जागेचं मला वेड आहे ते आहे.

वेड कसलं, तर बारीकसारीक गोष्टींचं. पार्कातल्या जुन्या बाजाराच्या गल्लीत वरच्या मजल्याच्या खिडक्या खालच्यांपेक्षा लहान केल्यात, म्हणून दोन मजली घरं उंचच उंच दिसतात. न्हाव्याच्या खोट्या दुकानातला आरसा असा तिरपा लावलाय की मूल उभं राहिलं तरच त्याला त्यात किल्ला दिसतो, मोठ्या माणसाला नुसतं छत दिसतं. समुद्री चाच्यांच्या खानावळीत एका टेबलावर एक चष्मा ठेवलेला आहे, तो पेंटरबाबांचा स्वतःचा, फुटलेला. आणि पाली. बाबांनी सगळ्या पार्कभर पाली रंगवून ठेवल्या होत्या, बोटाएवढ्या, खडकांवर, खांबांवर, हत्तीच्या पायाशी. शोधणाऱ्यालाच दिसतील अशा. माझ्यासारखे अनेक वेडे त्या मोजत फिरायचे. त्रेचाळीस वर्षांत मला तीस सापडल्या होत्या.

आदल्या दिवशी दुपारी बाबांचा फोन आला होता. ते चौऱ्याहत्तरचे, कान गेलेले, फोनवर स्वतःच बोलायचे आणि ठेवून द्यायचे. "पोरी, उद्या येशील तेव्हा कुणालाही भेटायच्या आधी माझ्याकडे ये. पाचव्या वळणावर एकतिसावी पाल आहे. ती तुला दाखवायचीय. मजेची नाही ती." मी काही विचारायच्या आत फोन बंद झाला.

आणि आता त्याच वळणावर बाबा मेले होते.

२

पाताळाची सफर म्हणजे अंधारातून जाणाऱ्या गाडीचा खेळ; त्याच्या दाराशी फौजदार उभे होते. मॅनेजर त्यांना चहा देत होता, आणि बाकावर गाडीची ऑपरेटर बसली होती. चौतिशीची बाई. पार्कात तिला सगळे घड्याळताई म्हणायचे, कारण नऊ वर्षांत तिची गाडी एक मिनिट उशिरा सुटली नव्हती. आज तिचे हात मांडीवर उलटे पडले होते आणि ती त्यांच्याकडेच बघत होती.

फौजदारांनी मला थोडक्यात सांगितलं. बाबा रोज सकाळी सातला आत जायचे, उडालेला रंग दुरुस्त करायचे. साडेआठला घड्याळताई रिकामी गाडी एक फेरी सोडायची, चाचणीची. आजही सोडली. बाबा आतच होते.

"तुम्ही मशीन बघा," फौजदार म्हणाले. "मशीनची चूक असेल तर तसं लिहून द्या. नसेल तर माणसाची चूक, आणि माणूस समोर बसलंय. साडेबाराला मी निघतो. एक तर तुमचा कागद घेऊन, नाहीतर या बाईंना."

घड्याळताईनं मान वर केली. "साडेबाराला माझ्या मुलीची शाळा सुटते," ती म्हणाली. "दहा वर्षांची आहे. फाटकाशी उभी राहते ती, दुसरं कुणी नाही न्यायला."

मॅनेजरनं चहात बिस्कीट बुडवलं. मला त्याचा असा राग आला की सांगता सोय नाही, पण मी कामाला लागले.

मशीनची चूक होणं तिथे जवळजवळ अशक्य. ऑपरेटरच्या केबिनमागच्या बोळात भिंतीवर एक पितळी पाटी आहे, तिला पाच खाचा. प्रत्येक खाचेत एक पितळी बिल्ला. रुळांवर जाणाऱ्या माणसानं आपला बिल्ला काढून खिशात टाकायचा आणि मगच आत पाऊल ठेवायचं. एक जरी खाच रिकामी असली तरी केबिनमधला हिरवा दिवा लागत नाही आणि गाडी जागची हलत नाही. बाबांचा बिल्ला तीन नंबरचा. पाच नंबरचा तपासनीसाचा, म्हणजे माझा.

मी बोळात गेले. पाचही बिल्ले जागेवर होते. बाबा आत मेले होते आणि त्यांचा बिल्ला बाहेर खाचेत बसला होता.

"विसरले असतील न्यायला," मागून फोरमन म्हणाला. देखभालीचा मुख्य, पासष्टीचा, पार्क उभं राहिलं तेव्हापासूनचा. डोळे लाल झाले होते त्याचे. "वय झालं होतं. किती वेळा म्हटलं, बाबा, आता घरी बसा."

मी तीन नंबरचा बिल्ला खाचेतून काढला आणि उजेडात धरला. चकचकीत होता. बाबांचा बिल्ला मी शंभरदा पाहिलाय. रंगाच्या हातांनी पंचवीस वर्षं हाताळून त्यावर इतके थर चढले होते की तीनचा आकडासुद्धा दिसायचा नाही. हा बिल्ला त्यांचा नव्हताच.

३

दुसरा बिल्ला कुणीतरी करवून घेतला होता. बाबा आपला खरा बिल्ला खिशात घालून नियमानं आत गेले होते, आणि मागून कुणीतरी रिकाम्या खाचेत हा नकली बसवला होता. मी हे फौजदारांना सांगितलं, तर मॅनेजरचे डोळे चमकले.

"मग झालंच की," तो म्हणाला आणि ऑफिसातून एक कागद घेऊन आला. दोन महिन्यांपूर्वीचा अर्ज होता, घड्याळताईच्या अक्षरात. पेंटरबाबा परत आल्यावर बिल्ला लावायला विसरतात, तो खिशात घेऊन जेवायला निघून जातात, त्यामुळे दोनदा गाडीची वेळ चुकता चुकता राहिली, काहीतरी उपाय व्हावा. खाली सही.

फौजदारांनी कागद वाचला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांचं काम सोपं करून दिलं.

मी घड्याळताईला बाजूला घेतलं. "खरं सांगा. जोड-बिल्ला तुम्ही केलात?"

"नाही."

"कुणाला करायला सांगितला?"

तिनं मागे वळून पाहिलं. मग म्हणाली, "फोरमनना म्हटलं होतं. त्यांच्याकडे धातू कातायचं लेथ आहे. म्हटलं, बाबांच्या बिल्ल्याची एक जोड असू द्या, अडीअडचणीला. ते म्हणाले, नियमात बसत नाही. मी पुन्हा विषय काढला नाही. शपथेवर सांगते."

"हे फौजदारांना सांगितलंत?"

"सांगितलं तर ते म्हणतील, बघा, कल्पना हिचीच."

खरं होतं ते. मी कपाळाला हात लावला. बाई वेळेची पक्की आणि जिभेची भोळी.

"आज सकाळी काय झालं ते सांगा. काही गाळू नका."

"सव्वाआठला आले. दिवा लाल होता, म्हणजे बाबा आत. थांबले. आठ पंचवीसला हिरवा झाला. म्हटलं, आले बाहेर. तीनदा घंटा दिली, एक मिनिट थांबले, नियम आहे तसा. साडेआठला बटण दाबलं." तिनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. "घंटा त्यांना ऐकू येत नाही, मॅडम. दोन वर्षं झाली. सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर सगळं त्या बिल्ल्यावर होतं."

"बोळात कोण आलं ते दिसलं?"

"केबिनमधून बोळ दिसत नाही."

"नंतर?"

"गाडी पाचव्या वळणावर अडकल्याचा दिवा लागला. मी आतले पांढरे दिवे लावले आणि ओरडले. फोरमन ढकलगाडी घेऊन आत धावले, जॅक, रंगाचे डबे वगैरे असतं त्यात. मॅनेजर माझ्याजवळ थांबले, फोन करत होते. मला उभं राहवत नव्हतं. वीस मिनिटांनी पोलीस आले."

"तोपर्यंत आत फक्त फोरमन?"

"हो. बाबांना बाहेर काढायचं होतं ना. नाही निघाले."

साडेदहा वाजत आले होते. मी पाच नंबरचा बिल्ला काढून खिशात टाकला आणि आत गेले.

४

अंधाराचा खेळ पांढऱ्या दिव्यात बघू नये. सगळा पसारा दिसतो. राक्षसाच्या पाठीतली वायर, अजगराच्या पोटातली फळी, छताला टांगलेली वटवाघळं आणि त्यांच्यावरची धूळ. लहानपणी ज्या वळणावर मी आत्याच्या कुशीत तोंड लपवलं होतं तिथे एक प्लास्टिकची बादली पडली होती.

पाचव्या वळणावरून बाबांना नेऊन झालं होतं, अडकलेली गाडीही पुढे ढकलून ठेवली होती. रुळांपाशी काय होतं ते मी लिहीत नाही. रंगांची थाळी उपडी पडली होती आणि एक बारीक कुंचला रुळांच्या पलीकडे गेला होता, ते पाली काढायचे तेवढा बारीक.

त्या वळणावर एक जाड खांब आहे, गाडी पुढे ज्यावरून परत येते त्या वरच्या पुलाचा सगळा भार त्याच्यावर. दिसायला तो खडक दिसतो, कारण लोखंडावर प्लॅस्टरचं कवच चढवून बाबांनी तो रंगवलाय. मी खांब वरपासून खालपर्यंत चाचपला. पाल नाही. भिंत पाहिली, अजगर पाहिला, गुडघ्यांवर बसून पाहिलं. एकतिसावी पाल कुठेच नव्हती.

म्हातारबा काय म्हणाले होते? आहे म्हणाले होते. काढणार आहे, असं नव्हते म्हणाले.

तेव्हा मला आठवलं, बाबा पांढऱ्या दिव्यात कधी काम करत नसत. एकदा मी त्यांना विचारलं होतं, या मिणमिणत्या उजेडात तुम्हाला दिसतं तरी कसं. ते म्हणाले, "बघणारे ज्या उजेडात बघणार, रंग त्याच उजेडात लावायचा. पांढऱ्या दिव्यात जुळवलेला रंग इथे खोटा पडतो." खडकाच्या करड्या रंगात ते काय काय मिसळायचे, हिरव्या दिव्यात तो ओला, शेवाळलेला दिसावा म्हणून.

मी दाराशी जाऊन घड्याळताईला ओरडून सांगितलं, "पांढरे दिवे घालवा, खेळाचे लावा. गाडीला हात लावू नका."

अंधार झाला, आणि मग हिरवा उजेड आला. सगळं पाताळ एकदम खरं झालं. खडक ओले दिसायला लागले. आणि खांबावर, माझ्या छातीच्या उंचीवर, ताटाएवढा एक काळाठिक्कर डाग उठून आला. आत्तापर्यंत तो आजूबाजूच्या रंगात बेमालूम मिसळलेला होता.

मी बोट लावलं. बोट चिकटलं.

५

वास ओळखीचा होता. देखभालीच्या यार्डात पाइपांना लावतात तो करडा तेलरंग. बाबांचे रंग दहा मिनिटांत वाळायचे, हा दिवसभर वाळत नाही.

मी पिशवीतून टर्पेंटाइनची बाटली काढली, रुमाल भिजवला आणि पुसायला लागले. हळूहळू, बाबांच्या कामाला धक्का लागू नये म्हणून. आधी शेपूट दिसलं, मग पाय, मग डोकं. एकतिसावी पाल. इतर पालींसारखीच बोटाएवढी, पण हिचं शेपूट मध्येच तुटलेलं होतं. चित्रात तुटलेलं काढलेलं नव्हतं. चित्र अख्खं काढलं होतं आणि त्याखालचं प्लॅस्टर फाटलं होतं. केसाएवढी भेग शेपटातून गेली होती, आणि शेपटाचा वरचा भाग खालच्यापासून नखभर सरकला होता. पालीच्या पोटाशी बारीक आकड्यांत एक तारीख होती, पाच आठवड्यांपूर्वीची.

मी तिथेच खाली बसले.

घराच्या भिंतीला तडा गेला की गवंडी त्याच्यावर सिमेंटची पट्टी मारून तारीख टाकतो. पट्टी तुटली तर तडा वाढतोय. बाबांनी पट्टीऐवजी पाल काढली होती. आणि ही एकतिसावी होती.

मी उठले आणि पार्कभर फिरले. मला एकेक जागा पाठ होती, डोळे मिटून सांगू शकले असते. हत्तीच्या पायाशी पहिली, तिच्याखाली बुजवलेला तडा, त्यावर दुरुस्तीचा गिलावा, पोटाशी तारीख, जी मी आजवर चित्र काढल्याची समजत होते. कारंज्याजवळची, तिच्याखाली तडा. चाच्यांच्या जहाजाच्या डोलकाठीवर होती तिच्याखाली जोड दिलेला. ज्या गोष्टीवर मी जीव लावला, जिचं वहीत चित्र काढून ठेवलं, ती या जागेच्या दुखण्यांची यादी होती. तीसही ठिकाणी दुरुस्ती झालेली होती आणि तीसही पाली अखंड होत्या. म्हणजे तीस वेळा बाबांनी कुणालातरी दाखवलं होतं आणि त्या माणसानं ऐकलं होतं. नऊ वर्षं मी दाखला देत होते आणि मला वाटत होतं, मी पाली मोजतेय. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

अकरा चाळीस झाले होते. मी फौजदारांना गाठलं आणि दोन मिनिटांत सगळं सांगितलं.

"तर्क छान आहे," ते म्हणाले, "पण डाग कुणीही मारला असेल."

"नाही. तो पांढऱ्या दिव्यात जुळवलेला आहे. पांढरे दिवे अपघातानंतरच लागले. त्याआधी आत बाबा होते, आणि ते खेळाच्या दिव्यांत काम करतात. अपघातानंतर ऑपरेटर आणि मॅनेजर बाहेर एकमेकांसमोर होते. आत एकच माणूस होता, तेलरंग ठेवलेली ढकलगाडी घेऊन. शिवाय पालीचा अर्थ ठाऊक असेल तोच पाल झाकेल. मॅनेजरला तर पाली आहेत हेच माहीत नाही."

"फोरमन म्हणेल, नेहमीची डागडुजी केली."

"मित्राचं प्रेत शेजारी असताना?"

फौजदारांनी घड्याळ पाहिलं. "ते पुरेसं नाही, बाई. मला त्याच्या तोंडून हवं."

"मग मला एक फेरी मारू द्या," मी म्हटलं.

६

बारा वाजता मी सगळ्यांना गाडीपाशी बोलावलं. चार जणांची गाडी, लाल रंगाची, दुसरी, रुळांवर लावून ठेवलेली. घड्याळताई केबिनमध्ये होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मशीन ठीक आहे," मी मोठ्यानं म्हटलं. "खांब ठीक, रूळ ठीक. भरलेल्या गाडीची एक फेरी घेतली की दाखला लिहून मोकळी होते. वजन लागेल. मॅनेजरसाहेब, बसा. फोरमन, तुम्ही माझ्या शेजारी. फौजदारसाहेब मागे."

मॅनेजर फोनवर बोलत बोलतच चढला आणि पट्टा लावून बसला. फौजदार बसले. मी बसले. फोरमन फलाटावरच उभा राहिला.

"मला चक्कर येतेय," तो म्हणाला. "सकाळपासून पोटात काही नाही."

"दोन मिनिटांची तर फेरी आहे. पंचेचाळीस वर्षं तुम्ही हीच सांभाळलीत."

"तुम्ही जाऊन या."

"बरं. ताई, हिरवा दिवा लागला की सोडा."

फोरमननं केबिनकडे पाहिलं. मग गाडीकडे. मॅनेजर कुणालातरी सांगत होता की अर्ध्या तासात फाटक उघडतो. फोरमनच्या कपाळावर घाम आला होता.

"बाई, उतरा," तो म्हणाला.

"का?"

"उतरा म्हणतोय ना. एवढ्या माणसांचं वजन त्या वळणावर..." तो थांबला.

"सांगा की. एवढ्या माणसांचं वजन काय? कालपर्यंत तर पोरं भरून जात होत्या गाड्या."

मी ओरडले, "ताई, सोडा."

आणि फोरमननं उडी मारून गाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरला. "खांब जाईल. पाया खचलाय त्याचा. उतरा सगळे."

मॅनेजरच्या हातातला फोन खाली पडला. मी माझ्या खिशातून पाच नंबरचा बिल्ला काढून फोरमनला दाखवला. तो माझ्याकडे असेपर्यंत गाडी हलणारच नव्हती. त्यानं बिल्ल्याकडे पाहिलं आणि फलाटावर मटकन बसला.

७

तो फार थोडं बोलला.

"तीस वेळा ऐकलं मी त्याचं," तो म्हणाला. "तो पाल काढायचा, मी जाऊन बघायचो, दुरुस्त करायचो, मग तो वर पाल पुन्हा काढायचा. आमच्या दोघांतलीच गोष्ट होती ती. पण हा खांब दुरुस्त होणारा नव्हता. पाया गेला होता. अख्खी सफर पाडावी लागली असती, आणि मग पाया कुणी भरला ते निघालं असतं."

"कुणी भरला?"

"मी. उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात. घाई होती. खाली भराव होता, खडक लागला नव्हता, आणि मी लागला म्हणून लिहिलं. त्याला म्हटलं, हंगाम संपू दे. तो म्हणाला, उद्या पोरगी येतेय, तिला दाखवतो."

"म्हणून बिल्ला केलात."

"घाबरेल, बाजूला होईल, असं वाटलं."

"त्यांना घंटा ऐकू येत नव्हती, फोरमन. तुम्हाला माहीत होतं."

त्याच्या ढकलगाडीत, चिंध्यांच्या गोळ्यात गुंडाळलेला बाबांचा खरा बिल्ला सापडला. प्रेताच्या खिशातून काढला होता. बोळातल्या खाचेत नकलीच्या जागी बसवायची संधी त्याला मिळाली नव्हती, कारण तोवर पोलीस आले होते. फौजदार त्याला दंडाला धरून घेऊन गेले. मॅनेजर त्यांच्यामागे धावला आणि पार्क संध्याकाळपर्यंत तरी उघडता येईल का, असं विचारत राहिला. मी त्याच्या हातात बंदीचा हुकूम ठेवला. नुसती सफर नाही, अख्खं पार्क बंद, एकेक पाया उकरून पाहीपर्यंत.

बारा वीस झाले होते. मी केबिनच्या पायरीवर बसून अहवाल लिहायला घेतला. आमच्या साहेबांचा फोन आला. सगळं ऐकून म्हणाले, "फोरमननं नोंदवही खोटी लिहिली असं टाका. प्लॅस्टर फोडायचा अधिकार आपल्याला नव्हता, असंही टाका." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. मग लिहिलं, की अधिकार होता. नऊ वर्षांत तो खांब मी एकदाही उघडून पाहिला नाही. फोरमनची वही बघून सही केली, आणि राहिलेला वेळ पाली शोधण्यात घालवला.

घड्याळताई बाहेर आली. ती सुटली होती, तिला माहीत होतं. मला वाटलं, ही आता रडेल, किंवा हात धरेल. ती कागदाकडे बघत उभी राहिली, वाचत. वाचायला तिनं बराच वेळ घेतला.

"बटण मी दाबलं तेही लिहा," ती म्हणाली.

"लिहिलंय. तुमचा दोष नाही असंही लिहिलंय."

"हं." तिनं पर्स खांद्याला लावली. शाळा सुटायला पाच मिनिटं होती. "मॅडम, माझी मुलगी तीन वर्षांची होती तेव्हापासून दर वाढदिवसाला मी तिला या गाडीत बसवते. पुढच्या बाकावर. सासूबाई नको म्हणायच्या, अंधारात पोरीला घेऊन जाऊ नकोस म्हणायच्या. मी त्यांना दारावरचा तुमचा दाखला वाचून दाखवायचे. म्हणायचे, बघा, सरकारी बाईंनी सही केलीय, काळजी कसली."

मी उठून उभी राहिले.

"यंदाचा वाढदिवस परवाच झाला," ती म्हणाली, आणि मुलीला आणायला निघून गेली.